मुद्देमालातील तंबाखूची पाने

निपाणीच्या कचेरीत खुनाच्या खटल्यांतील मुद्देमाल माझ्या ताब्यात असे. रक्ताळलेले कापड सावलीत वाळवून कोऱ्या कागदात बांधावे, असा नियम होता. एका हमालाच्या धोतरावरील डाग रक्ताचा की त्याच्या म्हणण्याप्रमाणे तंबाखूचा, यावर त्याचा जीव अवलंबून होता. तपासणीसाठी मुंबईला पाठवण्यापूर्वी मी गाठोडे सोडले, तर घड्यांत तंबाखूची दमट पाने आणि त्यांचे तांबूस डाग!

"कसर लागू नये म्हणून घातली, अण्णा. आमची आय लुगड्यातबी घालती," मुद्देमालाची खोली सांभाळणारा शिपाई म्हणाला.

"आणि तो हमाल तुझ्याच गल्लीतला, न्हाय का रं?"

डाग कशाने पडले हे मुंबईच्या तपासनिसालाही कळावे म्हणून मी पानांसकट गाठोडे पुन्हा मोहोरबंद केले आणि खोलीची किल्ली शिपायाकडून मागून घेतली.