चार मिनिटांचं गाणं आणि पुढचं डावं चाक

आमच्या घराण्यात गाण्यापायी गाडी बंद पाडण्याचा मान आजवर एकट्या माझ्याकडे आहे.

आमची सना पुण्यात एका प्रोग्रेसिव्ह मेटल बँडमध्ये ड्रम वाजवते. हे संगीत काय असतं ते मला विचारू नका. मी सौदीतल्या रास अल खैरच्या खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्लांटमधला पंपांचा मेकॅनिक. मेटल आवाज करायला लागलं की ते बदलायचं, एवढंच मला ठाऊक! त्यांचं एकेक गाणं इतकं लांब की मध्ये उठून नमाज पढून, जेवून, डुलकी काढून यावं, तरी गिटारवाला तिथंच खाजवत बसलेला. शेवटपर्यंत मी एकही ऐकलं नव्हतं, आणि लेकीला ते माहीत होतं.

एका सुट्टीच्या सकाळी तिचा फोन आला. नवीन सिंगल आलंय, ह्या वेळी चाल सोपी, चारच मिनिटांचं. बँडमधली पोरं चिडवत होती म्हणे, हे तू वडिलांसाठीच बसवलंस.

"बाकीच्यांचं जाऊ दे, अब्बा," ती म्हणाली. "तुम्ही एकदा शेवटपर्यंत ऐका. नाही आवडलं तर तसं सांगा."

मी शब्द दिला.

जुबैलहून दम्मामला निघालो तेव्हा शमीमनं, म्हणजे आमच्या बेगमनं, आपल्या फोनवरून ते गाडीत लावलं. गिटार कसं अलगद! गाणाऱ्या मुलीचा आवाज तर असा की माझे डोळेच भरून आले. तेवढ्यात खालून सुरू झालं, खडखड... खड... खडखडखड! त्या गोड गाण्याशी ह्या आवाजाचा काडीचा संबंध नव्हता. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं! (गाण्याचा आवाज कमी करून बघावं असं वाटलं होतं, पण शब्द दिलेला.)

गाडी कडेला घेतली. किल्ली बंद केली, खडखड बंद. चालू केली, पुन्हा खडखड. (फोन आपोआप जोडला जाऊन गाणं पुढे सुरू होतं, हे ज्ञान आजचं.)

"अहो, गाडी बंद केली की गाणंपण बंद होतंय," शमीम म्हणाली.

"वायरिंगपर्यंत गेलंय प्रकरण," मी गंभीरपणे म्हणालो.

जॅक लावून चाक काढलं. बेअरिंग डोंगरासारखं घट्ट! म्हणजे इंजिनच गेलं. बॉनेट उघडून मी फहादला फोन लावला.

परदेशी कामगारांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या, त्या सौदीकरणात माझी जागा फहादला मिळायची होती, आणि त्याला तयार मीच करायचं होतं. बिचारा घरचं जेवण टाकून आला. बॉनेटला कान लावला, मग इंजिन बंद करून किल्ली एका टिचकीवर, नुसती बॅटरी चालू राहील अशी ठेवली. मशीन थांबव आणि मग काय उरतं ते ऐक, हे त्याला मीच शिकवलेलं. वाळवंटाच्या शांततेत गाणंही उरलं, खडखडही उरली! फहाद बॉनेटवर बोटांनी ठेका धरू लागला.

"उस्ताद, गाडीला काही झालेलं नाही. वाजवणाऱ्याचा हात मात्र जबरदस्त आहे. कोण आहे?"

"आमची मुलगी," शमीम म्हणाली. मी चाकाचे नट शोधत होतो.

चाक बसवून आम्ही तिघांनी गाडीला टेकून अख्खं गाणं ऐकलं. फहादसाठी पुन्हा, शमीमसाठी आणखी एकदा. तोवर मलाही उमगलं, की ती खडखड काढली तर त्या गोड गाण्यात जीवच राहणार नाही. मी सनाला फोन लावून सगळं सांगितलं.

"अब्बा, खरंच चाक काढलंत?"

"काढलं."

"आणि गाणं?"

"शेवटपर्यंत. तीनदा. खूप आवडलं, बेटा."

ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. माझं मात्र इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. फहादला मिठी मारली, असा शागीर्द दिल्याबद्दल अल्लाचे आभार मानले आणि ऐटीत किल्ली फिरवली.

टक्.

इंजिन बंद ठेवून मैफल केलेली. आधीच म्हातारी झालेली बॅटरी संपली होती. निघालेला फहाद बॅटरीला जोडायची केबल घेऊन परत आला. सकाळपासून ज्या बिघाडाच्या मागे मी हात धुऊन लागलो होतो, तो अखेर माझ्याच हातून तयार झाला!