वन्सं आणि मेंदूचे थर

जेवायला बसलेल्या माणसाचा घास घशातच अडकवण्यात आमच्या वन्संचा हात धरणारं डहाणू-तलासरीत कुणी नाही. आयुष्यभर बोर्डीला जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त होऊन आमच्याकडे राहतात आणि आम्हाला शिकवतात. बाजारातून घोळ मासळी आणली की तिचं डोकं आधी त्यांच्या ताब्यात. कवटी उघडून, सुईच्या टोकाने पुढचा मेंदू दाखवत म्हणतात, "बघ वहिनी, हिला आपल्यासारखे सहा थर नाहीत गं. बिचारी!" त्यानंतर कालवण कोण खाणार? एकदा चिकूवाल्याने भाव चढवून सांगितला, तर भर बाजारात त्यांनी त्याच्या कपाळावर बोट ठेवलं, "भाऊ, हा हिशेब कपाळामागच्या थरांतला. जरा वापरा." तो इतका गांगरला की दोन चिकू जास्तच घातले.

गेल्या वर्षी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. उभ्या जन्मात ज्यांनी कुणाला 'अरे' म्हटलं नाही, त्या माऊली आठ दिवस नुसत्या बघत होत्या. नवव्या दिवशी आशागडचे व्याही चिकूंची पेटी घेऊन भेटायला आले. "कशा आहात?" म्हणून वाकले, आणि सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रांडेच्या!"

व्याह्यांच्या हातातली पेटी खाली पडली. आमच्या यांनी धावत जाऊन खिडकी लावली. आणि वन्संनी? टाळ्या पिटल्या!

"अहो, रागावू नका," त्या व्याह्यांना म्हणाल्या, "आईचे वरचे थर जखमी झालेत, शब्द जुळवून बोलणं तिथलं. शिव्या बऱ्याचदा खोलवरून येतात. ती तुम्हाला 'या, बसा' म्हणतेय."

व्याही खरंच बसले. चहा घेतला. जाताना आणखी एक शिवी खाऊन, नमस्कार करून गेले.

मी मात्र हादरलेच होते. जन्मदात्या आईची ही दशा, आणि बाई टाळ्या पिटते? जाब विचारायला संध्याकाळी खोलीत गेले. वन्सं आईचे केस विंचरत होत्या. सासूबाईंनी चांगला हात उचलून लेकीच्या गालावर ठेवला. ओठ खूप वेळ काहीतरी शोधत राहिले. शेवटी निघालं ते, "भवाने."

वन्सं हसल्या, आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. "नाव सापडत नाहीये गं तिला," त्या मला म्हणाल्या. "पण मी सापडले."

मी फणी हातात घेतली आणि सासूबाईंची राहिलेली वेणी घातली.