सोमवारची खाट

मामांना निवृत्तीची भेट म्हणून फुग्यातली सहल द्यायची, ही कल्पना कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सर्जरी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने ती एक्स-रेवाल्याच्या माथी मारली आणि एक्स-रेवाल्याने सिस्टरच्या. निरोपाच्या दिवशी हॉस्पिटलात लिफ्टसमोरच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. सिस्टर बोलायला उठली आणि म्हणाली, "लिफ्टमामा, उभं आयुष्य तुम्ही चार भिंतींत वर-खाली केलंत. आता एकदा भिंतींशिवाय वर जाऊन या. मामींनाही न्या."

सगळे हसले. मामांना वाटलं ही थट्टा आहे आणि खरी भेट मागून येईल. पण पाकिटात खरोखरच दोघांची तिकिटं निघाली. सुट्टीच्या गावी दोन दिवस राहायचं आणि एका पहाटे गरम हवेच्या मोठ्या फुग्यातून सूर्योदय बघायचा.

तेव्हा मामींची तब्येत बरी होती. पोटाचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं, खाल्लेलं अंगी लागत होतं, आणि 'फुग्यात बसायला चाललेय' हे त्या शेजारपाजारी हौसेने सांगत होत्या. मग एका सकाळी तेच जुनं दुखणं पुन्हा उठलं. तपासण्या झाल्या. गाठ परत आली होती, आणि या खेपेला एकटी आली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेतलं. "उघडून बघू. सोमवारी खाट रिकामी होतेय. धरून ठेवू का?"

डॉक्टरांना नाही म्हणायची मामांच्या जिभेला सवयच नव्हती. "धरा," ते म्हणाले.

मामींना विचारायचं राहून गेलं. घरी मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं. दोघंही म्हणाली, बरं केलंत. "पण आईला तुम्हीच सांगा हं, बाबा," मुलगा म्हणाला. "फिरायला जाताय ना, तिथे सांगा. जरा मोकळ्या मनाने ऐकेल." मामींनी तर आधीच सांगून टाकलं होतं, की पुढचं काय ते मी फिरून आल्यावर ठरवीन. तेव्हा मामा निघाले ते पोटात ही गोष्ट घेऊनच. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मामा लिफ्टवर लागले तेव्हा ती जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती. पितळी दांडा एका बाजूला ओढला की वर, दुसऱ्या बाजूला की खाली, आणि मजला येताना दांडा नेमका सोडायचा. हात चुकला तर लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन यांत बोटभर फरक राहायचा. चालत्या माणसाला तो कळत नाही. पण स्ट्रेचरचं चाक त्या बोटभर उंचवट्यावर आपटतं, आणि ताज्या टाक्यांच्या माणसाच्या तोंडून एक आवाज निघतो. मामांनी तो पहिल्या आठवड्यात ऐकला आणि पुन्हा ऐकायची पाळी सहसा येऊ दिली नाही. पुढे बटणांची लिफ्ट आली. ती आपली आपण जमिनीला लागायची. तरी मजला जवळ आला की मामांची मूठ रिकाम्या हवेत आवळली जायची.

हात कसा ठेवायचा ते त्यांच्या आधीच्या लिफ्टवाल्याने शिकवलं, आणि नजर कशी ठेवायची तेही. "चेहरे बघू नकोस," म्हातारा म्हणाला होता. "दारावरचे आकडे बघ. चेहरा बघितलास तर तो संध्याकाळी तुझ्याबरोबर घरी येईल." मामांनी ते आयुष्यभर पाळलं. स्ट्रेचर आत आलं की ते वरच्या आकड्यांकडे बघत एकच वाक्य बोलायचे, "नेतोय मी, आणणार पण मीच." घाबरलेली माणसं त्या वाक्याला धरून वर जायची. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या काहीजण विचारायचे म्हणे, लिफ्टवाले मामा आहेत ना अजून ड्यूटीवर?

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आणखी एक लिफ्ट होती. धुण्याचे गठ्ठे, रिकामे सिलिंडर आणि ज्यांचं सगळं संपलंय अशी माणसं तिथून खाली जायची. त्या लिफ्टवरचा माणूस वेगळा, त्याची चहाची वेळ वेगळी. वर नेलेलं कुणी परत दिसलं नाही, की मामा म्हणायचे, आपली ड्यूटी नसताना गेलं असेल घरी. हा समज त्यांनी इतक्या निगुतीने सांभाळला होता की तो खोटा आहे याची त्यांची त्यांनाही आठवण राहिली नव्हती.

घरी बोलणं कमीच. दारावर कुणी आलं की मामा दार उघडायचे आणि अंग चोरून बाजूला उभे राहायचे. "आता विचारा त्यांना, कितवा मजला," मामी आतून म्हणायच्या.

सुट्टीच्या गावी पहिला दिवस तसाच गेला. तळ्याकाठच्या बाकावर सांगू म्हटलं, तर शेजारी एका बाईचं मूल भोकाड पसरून बसलं होतं. रात्री जेवताना सांगू म्हटलं, तर मामींनी कितीतरी दिवसांनी भाजी पुन्हा मागून घेतली. मागून जेवणाऱ्या माणसाला असलं काही कसं सांगायचं? मामा पाणी प्यायले आणि त्यांनी पेला पालथा घातला.

पहाटे जीपने त्यांना एका मोकळ्या मैदानात नेऊन सोडलं. अंधारात भलंमोठं कापड जमिनीवर पसरलेलं होतं आणि एक पंखा त्यात हवा भरत होता. मग ज्योत पेटली. कापड उठून बसलं, मग उभं राहिलं, आणि आतून उजळलं. बरोबर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं आणि मोबाइल समोर धरूनच चालणारे एक जाडजूड गृहस्थ. फुगा चालवणारा उंच, हसरा माणूस होता. मामांनी मनात त्याचं नाव फुगेवाला ठेवून दिलं.

"भीती वाटली तर माझ्याकडे बघा," तो म्हणाला. "मला वाटली तर मी तुमच्याकडे बघेन."

"उतरायचं कुठे?" मामांनी विचारलं.

"वारा नेईल तिथे."

"म्हणजे ठरलेलं नाही?"

"गाडी येते ना मागून शोधत."

मामांना हे मुळीच पटलं नाही. वर जायचं ते कुठल्या तरी मजल्यावर जायचं असतं.

"कुणाचं अलीकडे ऑपरेशन वगैरे झालंय का?" फुगेवाल्याने विचारलं. मामांनी तोंड उघडलं. मामींनी त्यांच्या पायावर पाय दिला. "माझं झालंय, पण वर्ष होऊन गेलं. काही त्रास नाही," त्या म्हणाल्या, आणि मामांनी हात द्यायच्या आत फुग्याखालच्या टोपलीच्या खाचेत पाऊल रोवून वर चढल्यासुद्धा. टोपलीत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले होते. या दोघांना एक कप्पा, बाकीच्यांना पलीकडचा. मधल्या कप्प्यात फुगेवाला उभा राहिला.

टोपली जमिनीवरून सुटली तेव्हा धक्का असा बसलाच नाही. मामांचा हात मात्र आडवा झाला आणि तोंडून निघालं, "दारापासून मागे सरका!"

नवी नवरी खुदकन हसली. "आजोबा, दार कुठाय इथे?"

"सवय हो त्यांना," मामी म्हणाल्या. "घरी कपाट उघडतानाही म्हणतात."

जमीन खाली गेली. झाडं, छपरं, तळं, सगळं आवाज न करता लहान होत गेलं. ज्योत पेटली की कानठळ्या बसायच्या आणि बंद झाली की इतकं शांत व्हायचं की कुठल्या तरी घरातलं कुत्रं ओरडलेलं वर ऐकू यायचं. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे होते. मामा मात्र सवयीने उलटे, फुगेवाल्याच्या हाताकडे बघत. मग त्यांनी नजर वर नेली. वर नुसतं पोकळ कापड होतं. आकडे नव्हते.

"अहो," मामी बाहेर बघत हळूच म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचं होतं ना मला?"

"मला? छे. काय सांगायचंय?"

ज्योत पेटली. दोघं थांबली. बंद झाली.

"सिस्टरचा फोन आला होता घरी," मामी म्हणाल्या. "आपण निघायच्या आधी. म्हणाली, मामी, सोमवारी येताना घरच्या चपला आणा, इथल्या घसरतात."

मामांनी टोपलीची कड धरली. "मग तू काही बोलली नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही बोलताय का बघू. तळ्यावर बघितलं. जेवताना बघितलं. पेला पालथा घालून झोपायला गेलात."

"अगं, डॉक्टर म्हणाले, आशा आहे."

"डॉक्टर म्हणाले, उघडून बघू. मी दाराआडच होते."

पुन्हा ज्योत. या वेळी फार वेळ पेटलेली राहिली, असं मामांना वाटलं. पलीकडचे गृहस्थ मोबाइल उंच करून नव्या जोडप्याला सांगत होते, आता येईल, आता येईल.

"एक विचारते," मामी म्हणाल्या. "तुम्ही वर नेलेली सगळी माणसं खाली आली?"

"ड्यूटी बदलायची ना आमची. मला कसं—"

"विचारलंय तेवढंच सांगा."

मामांनी खाली बघितलं. खालून एक पांढरी वाट चालली होती, तिच्यावर कुणी नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "नाही आली सगळी."

"मलाही तेच वाक्य म्हणाला होतात. मागच्या वर्षी. आणि आकड्यांकडे बघत होतात. मला खालून तुमची हनुवटी तेवढी दिसत होती. दाढीचा एक केस राहून गेला होता. वर पोचेपर्यंत मी तोच बघत होते."

"मग काय करणार होतो मी? तुझ्याकडे बघितलं असतं तर दांडा..." मामा थांबले. दांडा कधीच गेला होता. मागच्या वर्षी नुसतं बटण होतं.

त्याच वेळी पलीकडच्या कप्प्यातून 'आला, आला' असा गलका झाला. मामांची सूर्याकडे पाठ होती. त्यांना तो दिसला तो मामींच्या चेहऱ्यावर. घरातल्या ट्यूबलाइटखाली, पदर कानामागे घेऊन, काम करता करता हा चेहरा इकडून तिकडे जायचा तेव्हा बराच वाटायचा. इथे तो त्यांच्यासमोर होता, हातभर अंतरावर, आणि उजेड सरळ त्यावर पडला होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. गालांची हाडं वर आली होती. मानेवरची कातडी, ब्लाउजच्या गळ्यात पडलेली खळगी. मामांनी सगळं बघितलं. मामी डोळे किलकिले करून सूर्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर अगदी साधं कुतूहल होतं.

"पहिल्या वेळी मी हो म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मला कुणी ओढून नेलं नव्हतं. या वेळी नाही म्हणतेय. महिनाभर त्या खाटेवर पडून छत बघायचं, आणि नळ्या काढा म्हणून नर्स पोरींची मनधरणी करायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बघितलंय मी. आठवड्याने तिची खाट धुऊन पुसून दुसरीला दिली."

"मग नुसतं बसून राहायचं?"

"बसून कशाला? तुम्हाला कुकर लावता येत नाही. भाताला पाणी किती ते कळत नाही. सुनेच्या हातावर किती दिवस काढणार? तेवढं शिकवते म्हणते."

"मी शिकायचो नाही," मामा म्हणाले.

"नका शिकू. मग राहा उपाशी," मामी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे बघितलं. मामांनी नजर काढून घेतली नाही. डोळे भरून आले तरी नाही. फुगेवाल्याने एकदा इकडे पाहिलं आणि ज्योत जरा जास्तच वेळ धरून ठेवली. त्या आवाजात माणूस रडला तरी कळत नाही.

फुगा उतरला तो एका कापलेल्या शेतात. फुगेवाल्याने गुडघे वाकवून दोऱ्या धरायला सांगितलं. मामांनी दोरी धरलीच नाही, दोन्ही हातांनी मामींना धरलं. टोपली एकदा आपटली, जरा फरपटली, आणि थांबली. "दुखलं?" मामांनी विचारलं. "थोडंसं," मामी म्हणाल्या, खरं तेच.

फुगेवाल्याने सगळ्यांना कापडातली हवा काढायला कामाला लावलं. नवं जोडपं कापडावर आडवंतिडवं लोळत होतं. मामीही एका कडेला जाऊन टेकल्या आणि तळव्यांनी हवा दाबू लागल्या. मामा बांधावर उभे राहिले आणि त्यांनी वॉर्डचा नंबर लावला.

"मामा! कसा होता फुगा?" सिस्टर म्हणाली.

"चांगला होता. सिस्टर, ती सोमवारची खाट सोडा."

"मामी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. इथे बसल्यात समोर. त्या यायच्या नाहीत."

सिस्टर वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "मामा, डॉक्टरांना काय सांगू? ते विचारतील, मामा स्वतः हो म्हणाले होते."

"सांगा, मी तिला न विचारता म्हणालो होतो." मामांनी श्वास घेतला. "आणि एक विचारून ठेवा. दुखणं वाढलं की घरी काय द्यायचं, किती द्यायचं, कुणाला बोलवायचं. मंगळवारी मी येतो समजून घ्यायला. सगळं नीट समजावून सांगा म्हणावं. काही लपवू नका."

"बरं, मामा," सिस्टर म्हणाली.

फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. मामींनी कापडावरूनच मान वर केली. "कुणाचा?"

"पोराचा. सांगितलं का, म्हणून विचारत असेल."

"आणा इकडे, मी बोलते. तुमच्यावर ओरडेल तो."

"ओरडू दे," मामा म्हणाले. त्यांनी फोन कानाला लावला आणि मामींपासून दूर न जाता बांधावरून उतरून त्यांच्या शेजारी कापडावर बसले. "हं, बोल. आई इथेच आहे. पण आधी माझं ऐकून घे."