घडी मिलाव

आमच्या सुभेदारांनी फोनवर कधी कुणाला ‘हॅलो’ म्हटलं नाही. रिसीव्हर कानाला लागला की पहिला शब्द, “घडी मिलाव!” मग पलीकडे व्याही असोत नाहीतर साहेब, आधी वेळ विचारून घड्याळ मिळवायचं. फौजेच्या सिग्नल पलटणीतून निवृत्त होऊन ते साताऱ्याच्या आमच्या बस कंपनीत टेलिफोन सांभाळायला आले होते. आम्ही हसायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने तिकीट आरक्षणासाठी साताऱ्यात सर्व्हर बसवला. सांगली, कराड आणि म्हसवडच्या खिडक्या फोनच्या तारेने त्याला जोडल्या. सगळीकडून एकदम तिकिटं मागितली तर तो टिकतो का, हे तपासायचं काम माझं. बरोबर अकराला तिन्ही ठिकाणी दहा मिनिटं सपाटून बटणं दाबायची, असं ठरलं. आलेले आकडे मी एकत्र केले, सरासरी काढली. तिकिटाला तीन सेकंद! मी इंजिनिअर, स्वतःवर बेहद्द खूश.

सुभेदारांनी चष्मा लावून तिन्ही कागद शेजारी मांडले.

“आवं ताई, सांगलीचा म्यानेजर गाडी चुकू नये म्हणून घड्याळ पंधरा मिनिटं म्होरं ठेवतोय. म्हसवडचं सिद्धनाथाच्या आरतीवर लावत्यात, दहा मिनिटं मागं. एकेकानं येगयेगळा दोर वढला, तर दोराची ताकद कळती व्हय?”

ते रोज वेळ का विचारत, ते तेव्हा उमगलं. मला आधी राग आला, मग लाज वाटली.

साहेबांना सांगितलं, तर त्यांना ना राग आला, ना लाज. “उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यात. फोन तुमच्याकडे, ‘वेळा जुळल्या’ म्हणून सही करा, सुभेदार.”

“न जुळलेलं जुळलं म्हनायला मी काय लग्नं जमवतोय, साहेब?”

“मग उद्यापासून येऊ नका.”

“उद्या कशाला? ह्यो निघालो.” डबा उचलून त्यांनी सांगलीचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. “पोस्ट मोकळी सोडायची न्हाई, ताई.”

ते गेले. साहेबांनी तोच कागद माझ्यापुढे सरकवला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “बोला, सांगली.” नोकरीची मला फार गरज होती. पण आवाज खणखणीत निघाला.

“घडी मिलाव!”

कराड-म्हसवडची घड्याळंही मिळवून घेतली आणि चाचणी पुन्हा लावली. या वेळी तिन्हीकडून एकदम रेटा आला आणि तिसऱ्या मिनिटाला सर्व्हर आडवा झाला. उद्घाटन लांबलं. ‘परत या’ हा साहेबांचा निरोप घेऊन मीच सुभेदारांच्या घरी गेले.

“साहेबांस्नी सांगा,” चहाची कपबशी पुढे करत ते म्हणाले, “माजं घड्याळ बरोबर चालतंय. त्यांचं मिळालं की कळवा म्हनावं.”