बांबूची पिलं

माझा राग नाकावर असतो हे साऱ्या चोपड्याला ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. आमचं मंडळही रागातूनच सुरू झालं. ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस असतील. सातपुड्याच्या पायथ्याशी वनखात्याचं एक उद्यान होतं. अंजन, कडुनिंब, चिंचा, मधून वाहणारा एक नाला आणि बसायला चार सिमेंटचे बाक. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही घरची मंडळी डबे घेऊन तिथे गेलो. बघते तर काय, बाकांखाली उष्ट्या पत्रावळी, नाल्यात बाटल्या, आणि एका अंजनाच्या खोडावर कोणी चाकूने आपलं नि आपल्या प्रेयसीचं नाव कोरून ठेवलेलं. मी शाळेत शिकवायचे. अक्षर मी ओळखलं. माझ्याच वर्गातून गेलेला दिवटा!

मी तिथल्या वनरक्षकाला गाठलं आणि फैलावर घेतलं. सरकार पगार देतं तो झोपा काढायला का, असंही बोलून गेले. तो सडपातळ, चाळिशीचा माणूस. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, एकटा आहे मी. एवढं मोठं रान आणि एक झाडू. तुम्ही येता का रविवारी?"

आता आली का पंचाईत! एवढ्या लोकांसमोर ओरडल्यावर 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणाले, येते.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना विषयच मिळाला. "घरचं अंगण झाडायला बाई लावलीय, आणि सरकारचं अंगण झाडायला स्वतः निघाली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. मी मुद्दाम घरातला नवा झाडू घेऊन गेले.

पहिल्या रविवारी आम्ही तिघी होतो. दिवाळीपर्यंत पंधरा-वीस जण झालो. आमच्या गल्लीतल्या बायका, दोन शिक्षक, पोस्टातले एक गृहस्थ आणि आमचे आबा. आबा म्हणजे आमच्या शेजारचे केळीवाले शेतकरी. पासष्टी उलटलेली, पण विळा हातात आला की तरण्याला मागे टाकतील. मंडळाला नाव नव्हतं. लोक आम्हाला 'रविवारवाले' म्हणायचे, काही जण 'रिकामटेकडे' म्हणायचे. दोन्ही खरंच होतं.

उन्हाळ्याआधी वणवा पसरू नये म्हणून कडेचं वाळलेलं गवत काढून पट्टा मोकळा करायचा, पावसाळ्यात रोपं लावायची, एरवी झाडलोट करायची आणि येणाऱ्यांना चार शब्द सुनवायचे. शेवटचं काम बहुतेक माझ्याकडे असे. दुपारी नाल्याकाठी बसून जेवण. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि थंडी पडली की आबांच्या शेतातल्या वांग्यांचं भरीत. भरिताच्या वासाने वनरक्षक आपल्या खोलीतून आपोआप बाहेर यायचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. सुरुवातीला तो लांब बसायचा. वर्षभरात तोच म्हणू लागला, "मीठ कमी शे आज, आबा." आबा म्हणायचे, "पगार तुले, आनि मीठ बी तुलेच?" सगळे हसायचे. फार छान दिवस होते ते. शाळेतला शनिवार संपला की मला लग्नघरी निघाल्यासारखं वाटायचं.

भाऊचा जीव होता तो नाल्याच्या वळणावरच्या बांबूवर. तिथलं जुनं बेट फुलोरा येऊन मरून गेलं होतं. भाऊने नवी रोपं लावली होती आणि दोन उन्हाळे खांद्यावरून पाणी वाहून जगवली होती. आम्हाला त्याचं एवढं काही वाटायचं नाही. खोटं कशाला बोलू, आम्ही काळ्या मातीतली माणसं. बांबू आम्ही पाहिला तो वाळलेला, केळीच्या घडाला टेकू द्यायला विकत आणलेला. तो जमिनीतून कसा येतो, हे बघायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. भाऊच्या मुलीला बघायला अमळनेरला पाहुणे यायचे होते. तो रीतसर रजा टाकून गेला, पण जाताना फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "अक्का, आजचा दिवस सांभाळा." किल्ली द्यायचा नियम नव्हता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मला मात्र केवढा अभिमान वाटला! पदराला किल्ली बांधून मी अशी हिंडत होते की जणू सातपुडाच माझ्या नावावर झालाय.

हिंडता हिंडता बांबूपाशी आले. बघते तर प्रत्येक बेटाच्या बुंध्याशी जाडजूड, टोकदार कोंब वर आलेले. कुठे वीतभर, कुठे हातभर. मी म्हटलं, "अगं बाई, पिलं किती फुटलीत बघा! भाऊला एकट्याला वेळ होत नसेल."

केळीच्या गावात ज्याचा जन्म गेला त्याला हे सांगायला नको. केळीच्या खोडाभोवती पिलं फुटतात. ती वेळच्या वेळी कापायची, नाहीतर ती आईचा रस शोषतात आणि घड बारीक पडतो. माझं माहेर रावेरकडचं, सासर चोपड्याचं. पिलं दिसली की कापायची, हे आमच्या हाताला शिकवावं लागत नाही.

आबा वाकून बघत म्हणाले, "खरंच शे अक्का. हाई बठ्ठी पिलंच शेत. झाड दबी जाई."

"मग वाट कसली बघता?"

हुकूम माझा होता, हे मी इथे स्पष्ट सांगते. आबांनी विळा चालवला, तोही असा सफाईने की बघत राहावं. तासाभरात सगळी बेटं मोकळी. वर आबा घरी जाऊन रॉकेलची बाटली घेऊन आले. कापलेलं पील पुन्हा डोकं काढू नये म्हणून केळीत मधोमध दोन थेंब रॉकेल टाकतात. त्या काळात रॉकेल रेशनवर मिळायचं, तेही रांगेत उभं राहून. आबांनी घरच्या स्टोव्हचं रॉकेल आणलं आणि एकेका बुंध्यात औषध दिल्यासारखं घातलं. कापलेले कोंब आम्ही कुंपणाबाहेर टाकले, बकऱ्यांनी ते फस्त केले. भाऊ आल्यावर कसा खूश होईल, यावरच आम्ही दुपारभर बोलत होतो.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी 'झाडांवर नावे कोरू नका' असे रंगवलेले पुठ्ठे घेऊन उद्यानात गेले. भाऊच्या खोलीबाहेर जीप उभी होती. आत रेंजर साहेब चढ्या आवाजात बोलत होते. नवेच बदलून आलेले होते, आणि दोन महिन्यांपूर्वी फाटकाच्या तुटक्या पाटीवरून माझी त्यांच्याशी चांगली जुंपली होती. म्हणून मी दाराशीच थांबले.

"एक कोंब ठेवला नाही! बाजारात याच्या भाजीचे वाटे लागतात, मला माहीत नाही का? कोणाला विकले?"

"मी रजेवर होतो साहेब."

"मग किल्ली कोणाकडे होती?"

मग भाऊचा आवाज. "माझ्याकडेच होती."

"ते कोंब म्हणजे पुढच्या वर्षीचा बांबू होता. तू लावलास आणि तूच विकलास? उद्या दुपारी धुळ्याला कागद पाठवतो. निलंबनाची तयारी ठेव."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोंब म्हणजेच बांबू! केळीचं पील केळीला नडतं, आणि बांबूचं पील हाच उद्याचा बांबू. आम्ही त्या माणसाचं दोन वर्षांचं रान एका सकाळी साफ केलं होतं, वरून रॉकेल पाजलं होतं, आणि त्याची नोकरी जायची वेळ आली होती.

आणि मी काय केलं? साऱ्या गावाला सुनावणारी मी, पाऊल न वाजवता पुठ्ठे घेऊन मागे फिरले. वाटेत मनाची समजूत घालत होते. किल्ली दिल्याचं बाहेर पडू नये म्हणूनच भाऊ खोटं बोलतोय. आपण बोललो तर तो आणखी अडकेल. मंडळालाही कायमचं बाहेर काढतील. गप्प बसण्यातच सगळ्यांचं भलं आहे. कारणं अशी भराभर सुचत होती की काही विचारू नका.

जेवताना ह्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. एरवी माझ्या फजितीवर आठवडाभर हसणारा माणूस, पण हसले नाहीत. "मग तू आत जाऊन बोललीस ना?" एवढंच विचारलं. मी पानावरून उठले.

सकाळी मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि आबांच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळं ऐकून आबांनी कपाळावर हात मारला. मग मुंडासं बांधलं, चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल. कागद जावाना आधी पोचूत."

कचेरीत रेंजर साहेबांनी मला बघून लगेच हात जोडले. "बाई, पाटी नवी बसवलीय."

"पाटीसाठी नाही आले. कोंब आम्ही कापले."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. "कितीला विकलेत?"

"विकले नाहीत. सेवा म्हणून कापले."

"सेवा?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुम्ही रविवारी, स्वतःच्या विळ्याने, फुकट, सरकारी बांबूचे सगळे कोंब कापलेत. सेवा म्हणून. बाई, गार्डला वाचवायचं तर जरा बरं काहीतरी सांगा."

मी खरं बोलत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं हसू होत होतं. माझा आवाज चढणार इतक्यात आबा पुढे झाले. "साहेब, विळा मना व्हता. आनि रॉकेल बी मनंच."

"रॉकेल? रॉकेल कशाला?"

आबांनी केळीचं पील कसं मारायचं ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. अगदी मन लावून. थेंब कुठे टाकायचे, किती टाकायचे. साहेब बघतच राहिले. मग टोपी उचलली आणि म्हणाले, "बसा जीपमध्ये."

उद्यानात भाऊ बांबूपाशीच होता. आम्हाला जीपमधून उतरताना बघून तो उठून उभा राहिला. साहेब खाली वाकले, एका कापलेल्या बुंध्याला नाक लावलं. दुसऱ्याला लावलं. तिसऱ्याला लावलं. युनिफॉर्ममधला तो धिप्पाड माणूस बेटाबेटाला वाकून वास घेत फिरत होता. दुसरी वेळ असती तर मी खो खो हसले असते.

"भाजीला विकायचे कोंब कापून मागे रॉकेल कोण टाकेल?" ते स्वतःशीच म्हणाले. मग गर्रकन भाऊकडे वळले. "एवढा वास येतोय. तुला आला नाही?"

भाऊने मान खाली घातली. "आला होता साहेब. सोमवारीच आला."

"म्हणजे तुला कळलं होतं कोणी केलं ते?"

"केळीवाल्यांचं काम आहे, ते लगेच कळलं."

"मग काल बोलला का नाहीस?"

"साहेब, बेटं जिवंत आहेत, दोन पावसाळ्यांत पुन्हा कोंब धरतील. या माणसांना एकदा फाटकाबाहेर काढलं, तर परत कोण येतंय?"

आबा उगाच मुंडासं सोडून पुन्हा बांधू लागले. साहेबांनी खाकरून घसा साफ केला. धुळ्याला कागद जाणार नाही, म्हणाले. किल्ली दिल्याबद्दल भाऊला लेखी ताकीद मिळेल, आणि रविवारवाल्यांनी यापुढे विचारल्याशिवाय गवताच्या काडीलाही हात लावायचा नाही. "आणि बाई, तुम्ही विळ्यापासून लांब," असं बजावून ते जीपकडे गेले. आबा त्यांच्यामागून गेले, अजून केळीबद्दलच काहीतरी सांगत.

मी आणि भाऊ दोघेच उरलो. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडत नव्हता. शेवटी बोलून टाकलं. "भाऊ, काल मी दाराबाहेर उभी होते. सगळं ऐकलं, आणि तशीच घरी निघून गेले."

"माहीत आहे अक्का."

"माहीत आहे?"

"खिडकीतून दिसला होतात ना जाताना. पुठ्ठे घेऊन."

मला कुठे बघावं कळेना. मी साऱ्या जगाला ओरडले असेन, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तो साहेबांसमोर माझ्यासाठी उभा होता आणि त्याच वेळी मला पाठ फिरवून जाताना बघत होता. तरीही त्याने तोंड उघडलं नव्हतं.

"मग तेव्हा तरी साहेबांना सांगायचं होतंस रे," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

"आलात ना आज," भाऊ म्हणाला. मग बादली उचलून तो बुंध्यांतलं रॉकेल धुवायला नाल्यावर पाणी आणायला गेला.