मनोऱ्याच्या पाट्या

छप्पर असलं तर घरपट्टी, छप्पर नसलं तर माफ. असला कायदा करणाऱ्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे. पण त्यापायी बाल्क्रेगच्या बाईसाहेबांनी रिकाम्या हवेलीचं छप्परच उतरवायचं ठरवलं आणि काम एबेन टॉशला सांगितलं. जन्मभर ते छप्पर शाकारत आलेला तोच.

हवेली काही एकाच माणसाची करणी नव्हती. आधी नुसता चौकोनी बुरूज, शेजारचे गुरं पळवायला आले तर आत कोंडून घ्यायला. मग कुणाला उजेड हवासा झाला, त्यानं मोठ्या खिडक्यांची बाजू जोडली. मग उसाच्या मळ्यांचा पैसा आला, नाचाचा दिवाणखाना झाला. शेवटी एका पणजोबांना राजेपणाची हौस आली आणि कोपऱ्यावर टोकदार टोपीचा मनोरा चढला. उतरवताना सगळं उलटं, म्हणजे मनोरा पहिला.

ती टोपी एबेनच्या मुलानं, इनिसनं, लढाईच्या आदल्या उन्हाळ्यात एकट्यानं कौलांसारख्या दगडी पाट्यांनी नव्यानं शाकारली होती. इनिस लढाईवरून परतला नाही. तार आली तेव्हा एबेन रडला नाही, नंतरही नाही. आत काही हलतच नव्हतं.

मनोऱ्याच्या दगडी पाट्या तेवढ्या मला द्या, असं मात्र त्यानं बाईसाहेबांना सांगितलं. त्या त्याला स्वतःच्या पडवीवर घालायच्या होत्या.

"त्यानं काय होणार हो?" त्याची बायको आयना म्हणाली.

"पाऊस अडेल."

त्या मुलखात पाटीला वरच्या कडेला एकच खिळा मारतात. त्यामुळे काढतानाही ती अख्खी हाती येते. एबेननं पहिली हलवून पाहिली, हलेना. खाली खिळा उपटायचं पातं सारलं तशी ती तडकली. दुसरीही तडकली. प्रत्येकीला तीन-तीन खिळे होते.

इनिस ही टोपी शाकारत होता तेव्हा खालून एबेनच ओरडला होता, "इनिस, पहिल्या वाऱ्यात तुझ्या पाट्या माझ्या सुपाच्या वाडग्यात पडतील रे!" खालचे सगळे गडी हसले होते. इनिसही हसला होता.

संध्याकाळी त्यानं गाडीभर तुकडे दारात आणले.

"एकही अख्खी नाही?" आयना म्हणाली. "इतकं कच्चं काम केलं होतं पोरानं?"

"कच्चं नाही गं. फार पक्कं केलं होतं." एका तुकड्यातली भोकं त्यानं अंगठ्यानं चाचपली. "ती थट्टा होती, हे त्याला सांगायचं राहिलं."

आता तरी रडू येईल म्हणून तो बसून राहिला. आलं नाही. सूप गार झालं.

सकाळी तो दिवाणखान्याच्या छपरावर चढला. तिथल्या पाट्या त्याच्याच हातच्या, एकेका खिळ्याच्या. हात लावला की निघत होत्या.