बाळंतिणीसाठी मेथी

मोबाईलला काच बसवायला मी संगमनेरात एका दुकानात गेले होते. काउंटरवर, कव्हरं टांगलेल्या जाळीशेजारी, माशांची काचपेटी उन्हात ठेवलेली होती. पाणी नव्हतं. आत वीतभर अंगाचा आणि त्याहून लांब शेपटीचा एक सरडा पोटावर पसरला होता. रंग हिरवा, पण मळकट. मागचे पाय बाहेरच्या अंगाला वळलेले, ओली काडी वाकवावी तसे.

“घोरपड हाय का?” शेजारच्या गिऱ्हाइकानं विचारलं.

“इग्वाना हाय. फॉरेनचा,” दुकानदार म्हणाला. “पुण्यावरनं आणलाय.”

“खातो काय?”

“ब्रेड, उकडलेलं अंडं. माझ्यासारखंच.”

सगळे हसले. मी विचारलं, “हा चालत का नाही?”

“आळशी झालाय, ताई. आधी खांद्यावर बसायचा. रीलला लई व्ह्यूज यायचे.”

त्या सरड्यानं तोंड उघडलं तेव्हा खालचा जबडा एका बाजूला सरकला आणि तसाच राहिला. माझं डोकं फिरलं. मी तिथंच सांगितलं, “मी पत्रक काढीन तुमच्याविरुद्ध.”

“काढा की, ताई. पत्ता तेवढा मोठ्या अक्षरात टाका.”

दुसऱ्यांच्या घरात धान्याच्या कोठ्या असतात तसे आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात मशीन चालवतात आणि वस्तीतल्या प्रत्येक मोर्चाचं पत्रक आमच्याच ओट्यावर लिहिलं जातं. पाटीवर बाराखडी गिरवायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं. अन्याय दिसला की मजकूर लिहायचा, खाली मागण्या लिहायच्या, वाटायचं. मला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

अण्णांनी माझा कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. “आजवर आपण सरड्यांच्या विरोधात छापलं,” ते म्हणाले. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांसाठी आमच्याकडं तोच शब्द चालतो. “आता सरड्याच्या बाजूनं?”

पण छापून दिलं. मी ते कॉलेजच्या फाटकावर वाटलं. झालं इतकंच, की मुलं घोळक्यानं त्या दुकानात जाऊन पेटीसमोर सेल्फी काढू लागली. मग एके दिवशी दुकानदारच बुटाचा खोका घेऊन आमच्या वस्तीत आला. “घ्या. एवढी माया असंल तर सांभाळा. आता डोळेपण उघडत न्हाई.” माझ्या पत्रकानं तो सुटला नव्हता. तो निरुपयोगी झाला म्हणून सुटला होता.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. “मी गायीचा डॉक्टर आहे हो.” पण माणूस चांगला. त्यांनी पुण्यातल्या एका वर्गमित्राला व्हिडिओ कॉल लावला आणि मी खोक्यातला जीव हातावर धरून मोबाईलसमोर फिरवत राहिले. त्या डॉक्टरनं सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. हाडं मऊ पडलीत. कॅल्शियम नाही आणि ऊन नाही.

“काचेची पेटी उन्हातच असायची,” मी म्हटलं.

“काचेतून ऊब येते, पण उन्हातलं जे हाडांना लागतं ते काच अडवते. उघडं ऊन पाहिजे. जवळ सावलीही पाहिजे. कोमट पाण्यात बसवा. कॅल्शियमचे थेंब. अंडं बंद, ब्रेड बंद. शेवग्याचा पाला, जास्वंद, लसूणघास. जगेल असं सांगत नाही.”

आमच्या शेजारी एक मावशी राहते. नात्यातली नाही, पण माझं नाव ठेवताना पाळण्याची दोरी तिनंच ओढली होती. रोज खुरपायला जाते. मी अंगणात घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसले होते, तळहातावर ते हाडांचं मुटकुळं, तेव्हा ती कुंपणापाशी थबकली.

“अगं बया! लोकं हुसकतात, आन तू न्हाऊ घालती?”

“आजारी आहे, मावशी. हाडं मऊ झालीत.”

“मऊ म्हंजी?”

मी तिचं बोट धरून त्या जबड्यावर ठेवलं. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग परत पुढं केला.

“अन् औषध?”

मी सांगितलं. कोमट पाणी, ऊन, शेवगा, कॅल्शियम, गार वारा लागू द्यायचा नाही, आडवं ठेवायचं, दगदग नाही. ऐकता ऐकता ती हसायला लागली. “आगं, ही तर बाळंतीण झाली!”

तेव्हापासून तो सरडा ‘ती’ झाला आणि त्याला नावही तेच पडलं. कामावरून येताना मावशी कुंपणावरूनच ओरडायची, “बाळंतीण जेवली का?” दारच्या शेवग्याचा कोवळा शेंडा तोडून आणायची, पानं बोटांनी चुरून बारीक करायची आणि त्या वाकड्या जबड्याच्या कडेनं आत सरकवायची. मला ते जमत नसे. मी घाई करायची. मावशीचा अंगठा मात्र थांबायचा, तिनं गिळेपर्यंत.

“खा गं, माझे बाई. सासरी कुनी दिलं न्हाई, आता माहेरात आलीस ना.”

दुकानाला ती सासर म्हणायची. वस्तीतल्या बायका ऐकून पोट धरून हसायच्या. एक म्हणाली, “मावशे, घुटी पन दे.” मावशी म्हणाली, “तुला दिली न्हाई म्हनून जळती व्हय?”

रंग आधी आला. मानेखाली, मग पाठीवर, पोपटी. डोळे उघडे राहू लागले. आणि एका सकाळी, उन्हात टाकलेल्या गोणपाटावर, तिनं पुढचे पाय रोवले आणि पोट जमिनीवरून उचललं. जेमतेम. थरथरत. दोन पावलं टाकून पडली. मी किंचाळले. मावशी हातातली भाकरी तशीच घेऊन धावत आली आणि मी सांगितल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांना फोन केला तर तेही म्हणाले, “म्हणजे जगणार की हो ही!”

त्यानंतर मला पाथर्डीला जावं लागलं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची बैठक होती, मुलांच्या शाळेबद्दल पत्रक लिहायचं होतं. आई कामावर, अण्णा छापखान्यात. मावशी म्हणाली, “तू जा. आज माझी सुट्टीच हाय. बाळंतिनीला मी बघते.”

संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले तर मावशी आमच्या फाटकात उभी होती. “लवकर चल गं. कशी तरी करती.”

गोणपाटावर ती कुशीवर पडली होती. सगळ्या अंगाला बारीक कंप, शेपटीच्या टोकापर्यंत. तोंडातून फेसाळ लाळ. मी तिला ओढणीत गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवलं आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. मावशी सोबत आली, चप्पलही न घालता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ते तिच्या पायाला हात लावत होते तेव्हाच कंप थांबला. मला क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी हात काढून घेतला.

“काय खाल्लं होतं हिनं?”

मावशीनं ओच्यातून मेथीची अर्धी जुडी काढली. टवटवीत, एकाही पानाला भोक नाही. डॉक्टरांनी ती नाकाशी धरली आणि माझ्याकडं दिली. मेथीच्या वासामागं दुसरा वास होता, उग्र, शेताच्या बांधावर रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात तिथला.

“फवारलेली आहे,” ते हळू म्हणाले. “एवढ्याशा जिवाला पुरे होतं.”

त्यांनी ते माझ्याशी बोलावं तसं म्हटलं, पण मावशी तिथंच होती.

परतताना रिक्षात खोका मावशीच्या मांडीवर होता. तिनं विचारलं, “माझ्या मेथीनं गेली का गं?”

आमच्या घरात खरं सांगायची शिस्त आहे. मी म्हटलं, “हो, मावशी.”

घर आल्यावर तिनं खोका ओट्यावर ठेवला. मग शेजारी बसून सांगू लागली, मला नाही, खोक्याला सांगावं तसं. बाळंतिणीला मेथी द्यावी लागते. ती ज्याच्याकडं खुरपायला जाते त्या मालकाच्या रानात मेथीचे दोन वाफे आहेत. एक बाजाराचा, मोठा. एक घरचा, विहिरीपाशी. घरच्या वाफ्यावर फवारा मारत नाहीत, कारण ते मालकाच्या घरी खातात. त्याला बायांनी हात लावायचा नाही. बाजाराच्या वाफ्यातनं दिवस मावळता एकेक जुडी न्यायची मुभा आहे.

“आन घरच्या वाफ्यातली पानं किडकी असत्यात,” ती म्हणाली. “मला घेऊ दिली असती तरी मी घेतली नसती. बाळंतिनीला किडकं कसं द्यायचं? काल सांजच्याला म्या चांगली बघून बघून आनली.”

“मावशी, मग तुम्ही?”

“आमी काय?”

“तुम्ही घरी कुठली खाता?”

“तीच की. रोज तीच.”

बाळंतिणीला आम्ही शेवग्याच्या मुळाशी पुरलं. मावशीनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून आणला होता, मऊ झालेला. त्यात तिनं ते अंग गुंडाळलं. जबडा सरळ बसावा म्हणून ती परत परत प्रयत्न करत होती.

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. एकाच रानात दोन वाफे, एक खाणाऱ्यांचा, एक विकण्याचा. आणि राबणाऱ्या बाईच्या ताटात विष. मागण्या स्पष्ट होत्या. वाक्यं धारदार होती. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि नेहमीसारखं ‘किती प्रती?’ विचारलं नाही.

“आधी तिला वाचून दाखव,” ते म्हणाले. “तिच्या कामाचा प्रश्न आहे.”

मी गेले तेव्हा मावशी चुलीपुढं मेथी निवडत होती. त्याच रानातली. मी वाचलं. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं, मधेच ‘व्हय’ म्हणत. मालकाचं नाव नव्हतं, तिचंही नव्हतं. तिच्या कामाला धक्का लागू नये एवढी काळजी मी घेतली होती.

“खरं हाय समदं,” ती म्हणाली. “लई चांगलं लिवलंस.” मग एक काडी मोडून, “पन ती माझ्या हातानं गेली. ते कुठं हाय ह्यात?”

“ते लिहिलं नाही, मावशी. तुझा दोष नाही त्यात.”

“दोषाचं न्हाई म्हनत मी.” तिनं काड्या बाजूला सारल्या. “म्या भरवलं तिला. तोंड उघडलं तिनं, मी दिसली म्हनून. आदी न्हाई उघडायची, तुला ठाव हाय. तू लिवलंय त्यात नुसता एक सरडा मेला, पोरी.”

पत्रकात ते बसवता येईना. मागण्यांच्या वर नाही, खाली नाही. मी कागदाची घडी घातली.

तिनं मेथी पातेल्यात घेऊन तीनदा धुतली, चौथ्यांदा मीठ टाकून. पाणी हिरवट निघत राहिलं. “जातं का गं ह्यानं?” तिनं विचारलं.

“सगळं नाही जात.”

“व्हय,” ती म्हणाली आणि भाजी तव्यावर टाकली. तिची नातवंडं शाळेतून यायची वेळ झाली होती. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “जेवती का?”

मी हात धुऊन तिच्याशेजारी बसले.